मदत हवी आहे: जाड तळव्यांवर प्लान्टर रिफ्लेक्स कसा वाचायचा?

खान्देशात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, मेडिसिनची पोस्टिंग सुरू आहे. न्यूरोची केस घेताना घोडं दरवेळी प्लान्टरपाशी (तळवा ओरखडून अंगठा वर जातो की खाली, ते बघणं) अडतं. वॉर्डातले बरेच पेशंट शेतमजूर, जन्मभर अनवाणी वावरलेले. हलकं ओरखडलं तर अंगठा ढिम्म, जोर लावला तर अख्खा पाय आखडून घेतात. मग वर गेलेला अंगठा खरा बाबिन्स्की (मेंदू-मज्जारज्जूतल्या बिघाडाची खूण), की नुसता पाय ओढला म्हणून?

टाचेपासून बाहेरच्या कडेने सावकाश ओरखडून पाहिलं. तळवा ओल्या कापडाने पुसून पाहिला. आधी अहिराणीत समजावून पाय सैल सोडायला लावतो, त्याने जरा फरक पडतो. चॅडॉक (हीच खूण बाहेरच्या घोट्याखालून ओरखडून बघणं) त्यातल्या त्यात बरं. ओपनहाइम या तशाच चाचणीत नडगी दाबली की पेशंट कळवळतात, ते मला नको वाटतं.

टोन (स्नायूंचा ताण), ताकद, गुडघ्या-घोट्याचे रिफ्लेक्स, क्लोनस (घोटा झटकन वर ढकलल्यावर पाऊल लयीत उडत राहणं) तपासतोच. 'एमआरआय बघ' सांगू नका, परीक्षेत आधी हातानेच ठरवावं लागतं.

अंगठ्याची फक्त पहिली हालचाल धरायची का? आणि प्लान्टर दोनदा वेगळा आला, पण चॅडॉक दोन्ही वेळा पॉझिटिव्ह, तर परीक्षकांसमोर 'इक्विव्होकल' (अनिश्चित) म्हणू की 'एक्स्टेन्सर' (अंगठा वर, म्हणजे बाबिन्स्की पॉझिटिव्ह)?