इजिप्त, १० दिवस, सोबत ६८ वर्षांची आई : काय ठेवू, काय काढू?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत इजिप्तला जायचं घाटतंय. चौघं आहोत : मी, बायको, ११ वर्षांचा मुलगा आणि आई. आईचं वय ६८, दोन्ही गुडघे दुखरे, पण सपाटीला दीड-दोन किलोमीटर आरामात चालते. मुंबई ते मुंबई १० दिवस, त्यापुढे रजा नाही.

एजंटनं दिलेल्या कागदावर कैरो, अलेक्झांड्रिया, लक्सर, अस्वान, अबू सिंबेल आणि वर हुरघाडाचा समुद्र, असं सगळं कोंबलंय. विचारायचंय ते असं : यातलं काय काढू? पिरॅमिडच्या आत जाणं आईला झेपेल का? तुतनखामुन राजाचा सोन्याचा मुखवटा आणि राजांच्या ममी नेमक्या कुठं आहेत, कारण जो तो वेगळं सांगतोय. आणि आई पक्की शाकाहारी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. तिच्या जेवणाचं कसं?

कळंबा_नाका

अलेक्झांड्रिया आणि हुरघाडा, दोन्हीवर काट मारा. अलेक्झांड्रिया हे ग्रीक-रोमन शहर, फॅरोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, काळातलं तिथं फारसं उभं नाही, आणि कैरोहून जाऊन-येऊन सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर गाडीत बसणं. हुरघाडाला समुद्र चांगला आहे, पण समुद्रासाठी आपल्याला मालवण आहे की.

राहिलेलं असं बसवा. पहिला दिवस मुंबई ते कैरो, थेट विमान साधारण सहा तासांचं. दुसऱ्या दिवशी लगेच अस्वानला उडा, दुपारी फिले मंदिर. तिसऱ्या दिवशी पहाटे अबू सिंबेलचं मंदिर करून दुपारी बोटीवर. अस्वान ते लक्सर बोट तीन रात्रींची : वाटेत कोम ओम्बो आणि एडफू, मग लक्सरला कर्नाक आणि लक्सर मंदिर, सहाव्या दिवशी सकाळी नाईलच्या पश्चिम काठावर राजांची दरी आणि हातशेपसुतचं मंदिर, संध्याकाळच्या विमानानं कैरो. सातवा गिझाचे पिरॅमिड, आठवा सक्कारा आणि दाहशूरचे पिरॅमिड, नववा मोठं संग्रहालय (ग्रँड इजिप्शियन म्युझियम) आणि रात्री परतीचं विमान. दहावा मुंबईत, तिथून रात्रीची महालक्ष्मी.

कैरो मुद्दाम शेवटी ठेवलंय. देशांतर्गत विमान लटकलं तर गिझाचा दिवस इकडंतिकडं करता येतो. तेच लक्सर शेवटी ठेवलं आणि विमान रखडलं, तर मुंबईचं विमान हातचं जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : आधी बोटीचा वार धरा, मग आंतरराष्ट्रीय तिकीट काढा. तीन रात्रींची बोट अस्वानहून ठरावीक वारीच सुटते. लोक उलटं करतात आणि मग अस्वानला दोन दिवस नुसतेच बसून काढावे लागतात. लक्सरहून उलट्या दिशेची बोट बहुधा चार रात्रींची असते, ती तुमच्या दिवसांत बसत नाही.

बोटीवर खोली मागताना वरच्या मजल्याची मागा. धक्क्याला बोटी एकीला एक चिकटून लावतात, चार-चार, पाच-पाच. खालच्या खोलीच्या खिडकीतून नाईल नाही, शेजारच्या बोटीचा पत्रा दिसतो आणि डिझेलचा वास येतो. काठावर जायला मधल्या बोटींच्या लॉबीतूनच चालत जायचं. आईंना तिथं हात द्या, दोन बोटींमधली फळी हलते. एस्नाच्या जलपाशापाशी (बोटी वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या दरवाजांपाशी) बोट ताटकळली की होडीतून विक्रेते येतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चादर थेट वरच्या डेकवर भिरकावतात. घ्यायची नसेल तर पिशवी न उघडता परत खाली टाकायची. मुलगा हे जन्मात विसरणार नाही.

तीन_दरवाजा

आईंच्या गुडघ्यांबद्दल. पिरॅमिडच्या आत "जमेल का" यापेक्षा "कुठल्या" हा प्रश्न धरा.

खुफूच्या मोठ्या पिरॅमिडात आईंना नेऊ नका. चढता बोगदा सुमारे ३९ मीटर लांब, उंची जेमतेम १.२ मीटर, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा दीडेक वीत जास्त, आणि चढ २६ अंशांचा. कमरेत वाकून फळ्यांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांवर पाय देत चढायचं. तो संपला की मोठं दालन, ४७ मीटर लांब आणि साडेआठ मीटर उंच. इथं पाठ सरळ होते, पण चढ तसाच राहतो. वर राजाचा कक्ष : ग्रॅनाइटची खोली, साधारण साडेदहा बाय सव्वापाच मीटर, त्यात झाकण नसलेली दगडी पेटी. भिंतीवर एक अक्षर नाही, एक चित्र नाही. हवा कोंदट, आणि यायची-जायची वाट एकच, त्यामुळं वरून उतरणारे अंगावर येतात. पन्हाळ्याच्या अंधारबावीत जीव घाबरतो त्यानं या भानगडीत पडूच नये. तुम्ही आणि मुलगा जा, त्याचं वेगळं तिकीट असतं. आई आणि वहिनी तेवढ्या वेळात खाफ्रेच्या पिरॅमिडाचं टोक बघतील. गिझात वरचं मूळ चुनखडीचं आवरण फक्त तिथंच मोठ्या प्रमाणात शिल्लक आहे.

दाहशूरचा लाल पिरॅमिड त्याहून अवघड. आधी बाहेरून जवळजवळ २८ मीटर पायऱ्या चढायच्या, मग आत ६० मीटरच्या आसपास उतरता बोगदा. उतरताना काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात. शेजारचा वाकडा पिरॅमिड बाहेरूनच बघण्यासारखा आहे : खालचा उतार साधारण ५४ अंश आणि मध्यावर अचानक ४३. दगडांच्या भारानं बांधकाम डगमगायला लागल्यावर वरचा भाग कमी उताराचा केला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नंतर लाल पिरॅमिड सुरुवातीपासूनच ४३ अंशांचा बांधला. मुलाला हे दोन्ही एकाच जागी उभं राहून दाखवा, पाठ्यपुस्तकाची गरज नाही.

आईंना खरोखर आतून काही दाखवायचं तर राजांच्या दरीतली थडगी. सर्वसाधारण तिकिटात तीन थडगी निवडता येतात, आणि निवड चुकली की गुडघे गेले. रामसेस चौथा (केव्ही २; केव्ही म्हणजे किंग्ज व्हॅली, पुढं थडग्याचा क्रमांक) आणि रामसेस नववा (केव्ही ६) : उतार सौम्य, रंग ताजे, दोन्ही आईंना चालतील. तुतमोस तिसरा (केव्ही ३४) टाळा, आधी कड्यावर लोखंडी जिना चढून मग आत खोल उतरायचं आहे. मेरेनप्ताहचंही उतरण लांब आणि तीव्र. तुतनखामुनच्या थडग्याला वेगळं तिकीट, आत १६ पायऱ्या. छोटंसं आहे, पण त्याची स्वतःची ममी तिथंच आहे. पैसे एकाच जादा तिकिटावर घालायचे असतील तर माझं मत रामसेस पाचवा-सहावा (केव्ही ९) : शेवटच्या दालनाचं छत बघा, आकाशदेवता नूत दोनदा पाठीला पाठ लावून पसरलेली आहे, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. सेती पहिल्याचं थडगं सगळ्यांत देखणं, पण ते लांब आणि खोल आहे, पायऱ्याही पुष्कळ.

खासबाग_कट्टा

तुतनखामुन आणि ममींचा घोळ सोडवतो. आता तीन संग्रहालयं आहेत आणि जुनी पुस्तकं, जुने व्हिडिओ अजून सगळं कैरोच्या तहरीर चौकातच दाखवतात.

मुखवटा आणि थडग्यातल्या पाच हजारांहून जास्त वस्तू आता गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये, नोव्हेंबर २०२५ पासून. खुफूची लाकडी नाव २०२१ मध्येच तिथं हलवली. दारातून आत गेल्या गेल्या रामसेस दुसऱ्याचा ८३ टनी पुतळा. राजा-राण्यांच्या २२ ममी ३ एप्रिल २०२१ ला वाजतगाजत मिरवणूक काढून कैरोतल्याच फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात नेल्या, तिथंच आहेत. तहरीरचं १९०२ चं गुलाबी संग्रहालय चालू आहे, पण तुमच्या दिवसांत मी ते धरणार नाही.

आठव्या दिवशी सक्कारा-दाहशूर दुपारी दोनपर्यंत उरकून फुस्तात गाठा. ममींचं दालन तळघरात आहे, अंधारं आणि शांत. तिथं मुलांना दबक्या आवाजात बोलायला आधीच सांगून ठेवा. गिझा आणि मोठं संग्रहालय एकाच दिवशी कोंबू नका. अंतर दोन-तीन किलोमीटर आहे म्हणून एजंट हमखास कोंबतात, पण पठारावर चार तास उन्हात फिरल्यावर तुतनखामुनसमोर पाय उभे राहत नाहीत. संग्रहालयाचं तिकीट अधिकृत साइटवरूनच, वेळेच्या स्लॉटसह, निघण्याआधी काढा.

राजारामपुरी_९

पैसे आणि कागद. इथंच सगळ्यांची फजिती होते.

बहुतेक मोठ्या स्मारकांच्या तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, फक्त कार्ड. व्हिसा किंवा मास्टरकार्ड, रुपेवर भरवसा ठेवू नका. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर चालू करा, आणि ऑनलाइन बरोबर "पॉस मशीन" चं वेगळं बटण असतं तेही. बरेच जण फक्त ऑनलाइन चालू करतात आणि कर्नाकच्या खिडकीवर कार्ड तीनदा नाकारलं जातं. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं ठेवा.

रोख डॉलर न्या, रुपया तिथं कोणी बदलत नाही. मार्च २०२४ ला इजिप्तनं आपला पाउंड बाजारभावावर खुला सोडला आणि तो एका दिवसात डॉलरला ३० वरून ५० च्या आसपास घसरला, त्यामुळं त्याआधीचे कुठलेही दर वाचू नका. बदलताना १० आणि २० पाउंडांच्या नोटांचं पुडकं हट्टानं मागा. संडास, हमाल, थडग्यातला राखणदार, सगळीकडं बक्षीस लागतं आणि २०० च्या नोटेला सुट्टे कोणाकडेच नसतात. थडग्यात राखणदार खूण करून दोरीच्या पलीकडं बोलावतो, "फोटो, फोटो" म्हणतो. जायचं नाही. मोबाइलनं फोटोला साधारण अडचण नाही, फ्लॅश मात्र बंद.

उंटावर बसायचं तर भाव "चढणं, फिरणं आणि उतरणं" मिळून ठरवा आणि कोणत्या चलनात तेही. चढवायचे पैसे वेगळे आणि उतरवायचे वेगळे हा धंदा तिथं जुना आहे. आणि उंट बसतो तेव्हा आधी पुढचे पाय मोडतो, स्वार पुढं कोसळतो. आईंना बसवूच नका. फिलेला जाणाऱ्या मोटारबोटीचा भावही जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट ठरवा.

गंभीर गोष्ट : ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच जप्त होतो आणि पुढं चौकशी लागते. आणि आईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ट्रामाडोल असलेली गोळी दिली असेल तर ती घरी ठेवा, पर्याय लिहून घ्या. इजिप्तमध्ये ती नियंत्रित औषधात येते, लोक तुरुंगात गेलेत. बाकी औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह.

व्हिसाला महिना हातात ठेवा. इजिप्तचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. पासपोर्टला सहा महिने मुदत शिल्लक हवी, मुलाचा पासपोर्ट आधी तपासा, तो पाच वर्षांतच संपतो.

उद्यमनगर_सुगरण

दादा, आईंच्या जेवणाची फार काळजी नको, पण शब्द बरोबर वापरा. "व्हेज" म्हटलं की चिकनच्या रश्श्यात शिजवलेली भाजी येते, त्यांच्या लेखी त्यात मांस नाही. "सियामी" म्हणा. कॉप्टिक ख्रिश्चनांच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, अंडं, दूध काहीच नसतं. एक मेख आहे, काही उपवासांत मासे चालतात, म्हणून "समक नाही" हेही सांगा. समक म्हणजे मासा.

कोशरी बिनधास्त खा : भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोचा आंबट सॉस आणि कुरकुरीत तळलेला कांदा. तिखट वेगळ्या बाटलीत येतं. आपल्याकडचा माणूस आधी हसतो आणि मग बाटली उलटी करतो, पण ते नुसतं तिखट नाही, लसूण-व्हिनेगरचंही असतं, दोन बाटल्या ओळखून घ्या. तामेया ही तिथली फलाफल (तळलेली वडी), छोल्यांऐवजी बाकल्याची, म्हणजे वालासारख्या मोठ्या कडधान्याची, आत हिरवीगार. सकाळी फूल, म्हणजे शिजवून घोटलेला बाकला. त्यावर लिंबू, जिरं आणि बॅगेतली कांदा-लसूण चटणी, काम झालं. मोलोखिया शाकाहारी दिसते, पण बहुधा कोंबडीच्या रश्श्यात केलेली असते, ती नको.

बोटीवर बुफे असतो. पहिल्याच रात्री मुख्य वेटरला सांगितलं तर आईंचं वेगळं करून देतात, तिसऱ्या रात्री सांगून उपयोग नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

मनापासून आभार. अलेक्झांड्रिया, हुरघाडा काढले. एकच शंका : अबू सिंबेलसाठी आईला पहाटे उठवून एवढा रस्ता? आणि तिथं आपल्या कोल्हापूरच्या किरणोत्सवासारखं काही असतं म्हणे, ते दिवाळीत मिळेल का?

तीन_दरवाजा

अस्वानहून २८० किलोमीटर, एका बाजूला साडेतीन तास, पहाटे चारला निघायचं. रस्ता सपाट वाळवंटाचा, गाडीत झोपता येतं. हॉटेलला रात्रीच सांगून नाश्त्याचे डबे घ्या. आईंना बस नको वाटली तर अस्वानहून अबू सिंबेलला छोटं विमानही असतं, पाऊण तासाचं, फक्त त्या दिवशी बोट गाठायची वेळ जुळवून बघा.

किरणांचं म्हणाल तर ते २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेला तोंड करून, म्हणून आपल्याकडं मावळतीची किरणं पायापासून मुखापर्यंत चढतात. अबू सिंबेल पूर्वाभिमुख, तिथं उगवतीची किरणं साठेक मीटर आत जाऊन गाभाऱ्यातल्या चारपैकी तीन मूर्तींवर पडतात. चौथा प्ताह, पाताळाशी नातं असलेला, तो अंधारातच राहतो. दिवाळी त्या तारखेला आली नाही तर ते मिळणार नाही, पण मग २२ ऑक्टोबरची तोबा गर्दीही नसेल. आणि हे सगळं १९६४ ते १९६८ मध्ये डोंगरातून कापून, ६५ मीटर वर उचलून पुन्हा बसवलेलं आहे, अस्वान धरणाच्या नासर तलावात बुडू नये म्हणून. बाजूनं वळसा घालून मागं गेलात की कळतं, मागचा डोंगर कृत्रिम आहे.

सकाळी आठ-साडेआठपर्यंत पोहोचा, म्हणजे दर्शनी चारही वीस मीटर उंच रामसेसांच्या चेहऱ्यावर ऊन असतं. दुपारी तीच बाजू सावलीत जाते. गाड्यांच्या तळापासून मंदिरापर्यंत उतार आहे, जाताना सोपा, येताना चढ. आईंना परतीच्या त्या चढासाठी निम्मा तास वेगळा धरा.