मदत हवी आहे: ट्रकच्या जोडचाकातला आतला टायर लवकर झिजतो

दहाचाकी: १०.००-२० रेडियल, मागची डावी जोडी. उरलेली नक्षी बाहेरच्या टायरवर ११ मिमी, आतल्यावर ७, तीही दोन्ही कडांना जास्त खाल्लेली. या वजनाला तक्त्यात ११० पौंड हवा आहे. रॉडने ठोकलं की दोन्हींचा आवाज सारखाच येतो. अदलाबदल करू की नायट्रोजन भरू?

हवापाणी: रॉडने फक्त पूर्ण बसलेला टायर कळतो, ११० आणि ८५ मधला फरक नाही. दोन्ही कडा झिजणं म्हणजे हवा कमी. आतल्या वॉल्व्हचं एक्स्टेन्शन (हवा भरायला बाहेरपर्यंत आणलेली नळी) अनेकदा सैल असतं, तिथून गळतं. साबणाचं पाणी लावून बघा, एक्स्टेन्शनच्या जोडावर बुडबुडे आल्यास ते घट्ट करा, वॉल्व्हच्या तोंडातून आल्यास पिन बदला. वर रबरी वॉशरची धातूची टोपी हवी. प्लास्टिकची धूळ अडवते, हवा नाही. नायट्रोजनचा नाद सोडा, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

रिमवाला: हवा बरोबर केली तरी ही जोडी आता जमणार नाही. नक्षीत ४ मिमी फरक म्हणजे व्यासात ८, आणि जोडीत ६ च्या पुढे जाऊ नये. दोन्ही चाकं एकाच हबवर असल्याने फेरे सारखेच. लहान टायर रस्त्यावर घासत जातो आणि वजन मोठ्यावर पडतं. आतबाहेर अदलाबदल करून फरक तेवढाच राहतो. ७ मिमीला ७ चाच जोडीदार शोधा. चाक बसवल्यावर ५० ते १०० किमीने नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायचा पाना) पुन्हा तपासा.

दहाचाकी: आता गाडी थांबवून गेज लावला: बाहेर १२४, आत ८२. बाहेरची सोडून आतली भरू का?

रिमवाला: दोन्ही नको! चालून तापल्यावर हवा वाढतेच. आता सोडली तर थंड झाल्यावर कमी भरेल. आतल्याचं प्रकरण गंभीर आहे. धोक्याची हद्द ११० चे ८० टक्के म्हणजे ८८, आणि तापलेला असूनही तो ८२ च दाखवतोय. अशा हवेवर चाललेल्या टायरच्या साइडवॉलमधल्या तारा वाकून वाकून तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. पुन्हा भरताना बाजू चेन उघडल्यासारखी फाटते. चाक खोलण्याआधी जोडीतल्या दोन्ही टायरच्या पिना काढून हवा पूर्ण सोडा, मग टायर रिमवरून उतरवून आतून तपासा. अस्तराला सुरकुत्या, रंग बदललेला किंवा साइडवॉल हाताला लिबलिबीत लागली, तर टायर भंगारात. ठीक वाटला तरी टायर फुटला तर अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यातच भरायचा: क्लिपचं नोजल, लांब पाइप, माणूस साइडवॉलच्या समोर नाही. कडकड आवाज आला तर हवा बंद करा, लांबूनच पूर्ण सोडा.

हवापाणी: चाक निघणारच आहे तर ब्रेकचा ड्रमही बघा. ब्रेक चिकटत असेल तर आधी आतलाच टायर भाजतो.

दहाचाकी: स्टेपनी चढवतो. जोडीत हवेचा फरक किती चालतो?

हवापाणी: थंड असताना ५ पौंड, त्याहून जास्त नाही. पण स्टेपनीची नक्षी आधी मोजा. नवीकोरी असेल तर ११ शी जमणार नाही. तेवढ्यापुरती चढवा, रिकामी गाडी हळू न्या.