कारागिरांच्या मालाचं मार्केटिंग करणाऱ्यांनो, अनुभव लिहा

चप्पल, पैठणी, वारली, लोणचं... असल्या मालाचं आणि तो करणाऱ्यांचं मार्केटिंग करून पोट भरणारे आपल्यात बरेच आहेत. या वाटेला कसे लागलात, कुठे आपटलात, पगाराला किती कात्री लागली? ध्येयवाद कमी, किस्से जास्त.

कोल्हापूरहून

पुण्यात नऊ वर्षं साबण-शाम्पू विकले. मग कोल्हापुरी चपलांच्या ऑनलाइन विक्रीचं काम घेतलं, पगार निम्मा. पहिल्याच कॅटलॉगात ठोकून दिलं, 'राजदरबाराचा वारसा'. आपल्याला दुसरं सुचतं काय! कारागीर काकांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "राजाचं नाव घातलंसा, ब्येस झालं. वेणी कोण घालतंय ते कुठं हाय?"

वेणी काकू घालत होत्या. उंबऱ्याशी बसून, दोऱ्याएवढ्या बारीक कातडी पट्ट्यांची. आणि आदल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, "जरा फ्रेमच्या बाहेर बसता का?"

मजकूर पुन्हा लिहिला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा एकही नाही, वेणी काकूंची. (गिऱ्हाईक तरी विचारतं एकच, करकर वाजते का?) २०१९ चं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांना आहे आणि त्यातले चार कर्नाटकातले, हेही छापलं. त्यावर आमच्याच लोकांनी तोंडं वाकडी केली. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर तशीच चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता चालली, तेव्हा फोन थांबेना. ऑर्डरी थोड्या, बाईट मागणारेच जास्त.

डिझायनर, पालघरला येऊन-जाऊन

वारल्यांचा लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, मी पायपुसण्यावर उतरवला होता. दिसत छान होता, खपलाही असता. नमुना पाड्यावर नेला. आजी काही बोलली नाही. तिने तो जमिनीवरून उचलला आणि वर फळीवर ठेवला.

चौकात पालघट देवी असते. सवाशिणी तो तांदळाच्या पिठाने 'लिहितात', 'काढतात' म्हणत नाहीत. हे मला आधीच माहीत होतं, हीच लाज. छपाईचे पैसे बुडाले.

येवला

मी गोष्टबिष्ट सांगत नाही. पदर उलटा करून दाखवते. हातमागाचा असेल तर मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो.

सीएसआरवाला

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर (तेच सीएसआर) खर्चणं भाग पडलं आणि आमच्यासारख्यांना नोकऱ्या लागल्या. काम काय, तर मार्च आला की हसऱ्या बायकांचे फोटो काढायचे. बचतगटातल्या ताई वैतागून म्हणाल्या, "दादा, आमचेच किती काढता? लोणच्याचे काढा की!" काढले. लेबलावर फोन नंबर मोठा केला, तेल कुठलं ते लिहिलं. महालक्ष्मी सरसला, म्हणजे बचतगटांच्या प्रदर्शनात, तिसऱ्या दिवशी बरण्या संपल्या. अहवालात मात्र बरण्यांना रकानाच नव्हता. होता तो 'सक्षम झालेल्या महिला' असा. वरून सांगितलं, ४० लिहा. ताई एकूण बारा.

येवला

कोल्हापूरकर, काकूंचं नाव घातलंत का शेवटी?

कोल्हापूरहून

घातलं. आडनाव नको म्हणाल्या.