'लॅप' म्हणजे मांडी, मग 'लॅप्ड इन प्रूफ' म्हणजे काय?

प्रश्न
मुलगी बीए इंग्रजीला आहे. तिच्यासोबत मीही शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' नाटक वाचतेय. पहिल्या अंकात रॉस राजाला लढाईची हकिगत सांगतो, तिथे 'लॅप्ड इन प्रूफ' असे शब्द आहेत. तिच्या गाईडमध्ये 'चिलखत घातलेला' एवढंच दिलंय. पण मांडीचा शब्द अंगावर लपेटण्यापर्यंत पोचला कसा?

उत्तर १
प्रूफ म्हणजे वार झेलून पारखलेलं चिलखत. लॅपचं जाणकार सांगतील.

उत्तर २
ताई, शब्द मांडीपासून निघालाच नाही, कापडापासून निघाला. जुन्या इंग्रजीत 'लॅपा' म्हणजे वस्त्राचा लोंबता पदर, घोळ. बसल्यावर तो घोळ जिथे पडतो, ती जागा पुढे लॅप झाली. आपली ओटी आठवा. ओटीपोटातली ओटी शरीराची, आणि नारळ-तांदूळ घ्यायला पुढे करतो ती पदराची. मला हे साम्य फार आवडतं.

त्याच घोळावरून क्रियापद झालं: घडीत घेणं, गुंडाळणं. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलात मेरी बाळाला कपड्यात गुंडाळते तिथे 'व्लॅपिड' आहे. 1611 च्या बायबलात त्याच जागी 'रॅप्ड' आलं. पुढे रॅपच रुळला, पण लॅप पुरता गेला नाही. ओव्हरलॅप त्यातलाच, कोटाचं लॅपेलही. शर्यतीतला लॅपसुद्धा वेढ्याच्या अर्थानं. मांजर दूध लॅप करतं तो मात्र वेगळ्या मुळाचा शब्द. आणि 'लपेटणे'शी ध्वनी जुळतो एवढ्यावरून नातं जोडू नका.

उत्तर ३
माझे वडील लालबागला एका गिरणीत ब्लोरूममध्ये होते. पिंजून साफ केलेला कापूस मशीनमधून जाड गोधडीसारखा यायचा आणि दांड्यावर गुंडाळला जायचा. त्या गुंडाळीला सगळे 'लॅप'च म्हणायचे. लॅप भरला की तो कार्डिंगला, म्हणजे तंतू विंचरायला जाई. घरी आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा कापसाची लव असे. मला वाटायचं हा गिरणीतलाच शब्द आहे. आज पहिल्यांदा कळलं, लॅप म्हणजे खरंच गुंडाळी.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. गिरणीचं वाचून तर मुलीनं मलाच परत मोठ्यानं वाचायला लावलं. मी पुस्तकात 'गुरफटलेला' लिहिणार होते, पण चिलखतात कुणी गुरफटत नाही, हे तिचं म्हणणं पटलं. तिनं पेन्सिलीनं 'मढलेला' लिहिलंय.