गाणी मिळतात, त्यामागची गोष्ट मिळत नाही

'सगळी गाणी मोबाइलवर असताना 'आफ्रोपॉप वर्ल्डवाइड' या आफ्रिकी संगीतावरच्या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमाला देणगी कशाला?' हे मला पटत नाही. गाणं मिळतं हो, पण क्यूबाच्या संगीतात आफ्रिकेतल्या काँगोचं संगीत कसं मुरलंय आणि तेच सूर १९३०-४०च्या दशकांत तबकड्यांवरून काँगोत कसे परतले, हे कोण सांगणार? १९८८पासून हा कार्यक्रम ते सांगतोय, कॅमेरूनच्या जॉर्ज कॉलिने यांच्या त्या खर्जातल्या आवाजात! त्यामागे प्रवास, ध्वनिमुद्रण, अभ्यासकांच्या मुलाखती असतात. २०२५मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. आता अशा कार्यक्रमांचा भार मुख्यतः श्रोत्यांवरच. एकदाच मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा दरमहा थोडं देणारे मला जास्त भरवशाचे वाटतात, त्यांच्या जोरावर पुढच्या भागांची आखणी तरी करता येते.