मदत हवी आहे: रेशीचे नॅनोपार्टिकल रात्रीत तळाशी बसतात

एमफार्म_पुणे
रेशी या औषधी अळंबीचा अर्क कायटोसॅनच्या (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनचं पॉलिमर) नॅनोपार्टिकलमध्ये भरतेय. बनवताना मस्त निळसर दुधाळ दिसतं, सकाळी बघावं तर खाली गाळ. शुक्रवारी गाईडना दाखवायचंय. काय चुकतंय? पेपरच्या लिंका देऊ नका, वाचलेत.

जुना_केमिस्ट
अर्क पाण्यातला की अल्कोहोलमधला? पीएच किती? टीपीपी (कण बांधणारं ट्रायपॉलिफॉस्फेट) किती? हे न सांगता उत्तर हवं असेल तर ज्योतिषी गाठा.

एमफार्म_पुणे
अर्क विकतचा, पावडर. बाकी नेहमीचंच हो, १ टक्का ॲसेटिक ॲसिड, वरून टीपीपी थेंबथेंब.

लायपोसोमप्रेमी
कायटोसॅन सोड, लायपोसोम (चरबीच्या पापुद्र्याची सूक्ष्म पिशवी) कर. डॉक्सिल या कॅन्सरच्या औषधाला १९९५ सालीच अमेरिकेत मंजुरी मिळाली, ते लायपोसोमच.

जुना_केमिस्ट
आत काय भरायचंय ते तर कळू दे! रेशीतले गॅनोडेरिक ॲसिडसारखे ट्रायटर्पीन पाण्यात विरघळत नाहीत, ते लायपोसोमच्या पापुद्र्यात बसतील. बीटा-ग्लुकन म्हणजे अळंबीतली लांब साखळीची साखर, तिची गोष्ट वेगळी. शिताके अळंबीतलं लेंटिनन हे बीटा-ग्लुकनच, ते जपानात १९८५ साली जठराच्या कॅन्सरसाठी केमोच्या जोडीला मंजूर झालं, तेही साध्या इंजेक्शनने. नॅनोबिनो काही नाही.

लायपोसोमप्रेमी
म्हणूनच म्हणतो, कॉर्डिसेप्स बुरशीतलं कॉर्डिसेपिन घ्या. रक्तातलं ॲडिनोसिन डिअमिनेज हे एन्झाइम त्याला काही मिनिटांत निकामी करतं. कवचाची खरी गरज तिथे.

एमफार्म_पुणे
रेशीवरचाच सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पास झालाय दादा!!

माईंची_लेक
सासूबाईंना शुगर आहे. ही नॅनोवाली रेशी कुठे मिळेल? ऑनलाइन थेंब दिसले.

जुना_केमिस्ट
बाटलीवर नॅनो छापलं म्हणून औषध होत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेशी अजिबात नको.

धिंगरीवाला_सातारा
रेशी घरी लावा की. धिंगरी अळंबीसारखी काडावर नाही, लाकडाच्या भुशावर घेतात. स्पॉन (अळंबीचं बियाणं) हवं तर व्यक्तिगत निरोप करा.

नुसता_वाचक
ताई, रात्रभर कशात ठेवता?

एमफार्म_पुणे
पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर). पुढे पेशींवर टाकायचंय ना.

जुना_केमिस्ट
हे आधी सांगायचं! पीबीएसचा पीएच ७.४, कायटोसॅनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा भार जातो तो) साडेसहाच्या आसपास. त्याच्या वर गेलं की अमाइनवरचा धन भार जातो, कण एकमेकांना ढकलायचे थांबतात आणि चिकटतात. वर पीबीएसमधलं मीठ उरलासुरला भारही झाकतं. पीएच ५ च्या आसपास, फ्रीजमध्ये ठेव. पेशींवर टाकायच्या वेळीच मिसळ.

लायपोसोमप्रेमी
पेशींच्या मीडियातही ७.४ च असतो, तिथे गाळ नाही होणार? ट्रायमिथाइल कायटोसॅन घे, त्याचा भार टिकतो.

जुना_केमिस्ट
शुक्रवारी दाखवायचंय तिला, पीएचडी नाही करायची.

एमफार्म_पुणे
आज अर्धं पीबीएसमध्ये, अर्धं पातळ ॲसिटेट बफरमध्ये ठेवते. पावडरीत ग्लुकन किती ते डब्यावर नाहीये. फिनॉल-सल्फ्युरिकने मोजू का?

जुना_केमिस्ट
त्यात सगळीच साखर मोजली जाते, धान्यावर वाढवलेल्या मालातला स्टार्चसुद्धा. आधी पावडर पाण्यात उकळून गार कर आणि आयोडीनचा थेंब टाक. गडद निळं झालं तर स्टार्च आहे, गाईडच्या आधी दुकानदाराला फोन लाव.