मदत हवी आहे: दाढेत कीड ठेवूनच सिमेंट भरलं, निळ्या लाइटवर भरोसा ठेवावा का?

नमस्कार मंडळी, आम्ही दारव्हा तालुक्यातले. पोरगी आठ वर्षांची आहे, तिची खालची दाढ किडली, ती सहाव्या वर्षी येते अन् पुन्हा बदलत नाही ती. जवळच्या एका डॉक्टरनं एक्सरे पाहून सरळ रूट कॅनल सांगितलं. मग यवतमाळला एका मॅडमकडे नेलं. त्यांनी दाढ ब्रशनं घासली, खोलीतला लाइट बंद केला, नारंगी काचेचा चष्मा लावला अन् पेनासारखा जांभळट निळा लाइट मारला, मलेही चष्मा देऊन दाखवलं. चांगली जागा हिरवट चमके अन् खड्ड्याचा बूड लालभडक. थोडं कोरायचं, परत लाइट मारून पहायचं असं चाललं. कडेचं लाल सगळं गेलं पण मधात फिक्कट गुलाबी राहिलं तर म्हणे बस, याच्याखाली नस आहे, अन् सिमेंट भरून टाकलं.

पोरीनं हूं की चूं केलं नाही. पण माही आई म्हणते, कीड आत ठेवून वरून कोणी बुजवते का बाप्पा? मलेही आता तेच वाटून राहिलं. नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजला नेऊन उकरून घेऊ का? कापूस वेचणी चालू आहे, उगाच चक्कर नको.

प्रतिसाद: भाऊ, मी डेंटिस्ट आहे, वर्धेकडे. उकरू नका! तो लाइट ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, किडीतल्या जंतूंनी बनवलेलं पॉर्फिरिन त्यात लाल चमकते. सिमेंट कडक करायचा निळा लाइट वेगळा. कड पक्की साफ पाहिजे कारण सिमेंट तिथंच धरते, नशीवर मात्र थोडं नरम मुद्दाम सोडतात, वरून घट्ट बंद झालं की जंतूंना खायला मिळत नाही अन् कीड थांबते. त्यात आठव्या वर्षी या दाढेच्या मुळाचं टोक बंद झालेलं नसते, नस जिवंत राहिली तरच मूळ पूर्ण वाढते. बाकी नुसत्या लाइटवर मीही जात नाही, साचलेला थर अन् डागसुद्धा लाल दिसतात (म्हणूनच आधी घासलं), हातानं खरवडून पहावंच लागते.

धागाकर्ता: धन्यवाद डॉक्टर. थंड पाणी पिलं की जरासं झिणझिणते म्हणते, ते?

प्रतिसाद: पाणी गिळल्यावर लगेच थांबत असेल तर काही दिवस चालते. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गरम लागल्यावर बराच वेळ ठणकणं, हिरडीवर फोड किंवा सिमेंट निघणं, यातलं काही झालं तर वेचणी सोडून आधी मॅडमकडे जा. नाहीतर सहा महिन्यांनी एक एक्सरे, तोही त्यांच्याकडेच काढा म्हणजे जुन्याशी ताडून पाहता येते.

धागाकर्ता: बरं, आईले वाचून दाखवतो.